होल्गरच्या वहीतली वर्तुळं

आमच्या गावाकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी मात्र तेवीस वर्षं, सुट्ट्या सोडल्या तर रोज सकाळी सात वाजता स्मशानात हजर असायचे, आणि तेही पक्क्या नोकरीत. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं, विषय सणाचा नाही. ते म्हणाले, चालेल. म्हणून लिहिते.

मी वडूजजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. शेतकीची पदविका केली आणि सांगलीच्या एका रोपवाटिकेत पाच वर्षं कलमं बांधली. लग्न झालं ते साताऱ्याला एका स्वीडिश कंपनीच्या कारखान्यात असलेल्या सुभाषशी. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी स्वीडनला पाठवलं. ती दोन वर्षं वाढतच गेली. गाव लहान होतं. एक तळं, एक बंद पडलेली लाकडाची गिरणी, भोवती जंगल आणि टेकडीवर पांढरं चर्च. मी भाषा शिकले, पण घरात बसून कंटाळले. उन्हाळ्यात दफनभूमीत फुलझाडांना पाणी घालायला आणि गवत कापायला माणसं हवी होती. मी अर्ज केला. मुलाखत घेतली चर्चच्या पाद्रीबाईंनी, करीननं. मी हिंदू आहे, घरात गणपती आहे, हे मी आधीच सांगून टाकलं. त्यावर तिने एवढंच विचारलं की लहान ट्रॅक्टर चालवता येतो का. वडिलांचा मोठा चालवलेला होता. काम मिळालं, आणि चार महिन्यांसाठी धरलेलं ते काम मी निवृत्त होईपर्यंत सुटलं नाही.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तिकडं जाऊन मढी पुरायला लागलीस व्हय गं?” मी म्हटलं, नाही, गवत कापते. नोव्हेंबरपर्यंत ते खरंच होतं.

इथल्या वाचकांना हे सगळं विचित्र वाटेल, म्हणून थोडं समजावून सांगते. स्वीडनमधलं ल्युथरन चर्च हे पिढ्यानपिढ्या सरकारचाच एक भाग होतं. आपल्याकडे तलाठ्याकडे असतं तसं तिथे पाद्र्याकडे दप्तर असायचं. कोण जन्मलं, कोण कुठून राहायला आलं, कोण कुठे गेलं, कोण मेलं, सगळी नोंद चर्चमध्ये. जुन्या काळी पाद्री वस्तीवस्तीवर जाऊन लोकांकडून धर्माचे धडे म्हणून घ्यायचा आणि कुणाला वाचता येतं, कुणाला नाही, हेसुद्धा लिहून ठेवायचा. आता ते राज्य संपलं. रविवारी प्रार्थनेला आठ-दहा डोकी असतात आणि त्यातली दोन पाद्रीबाई आणि ऑर्गन वाजवणारा. पण मेल्यावर सगळे आमच्याकडेच येतात. देव मानणारा असो नाही तर न मानणारा, बहुतेक गावांत दफनभूमी सांभाळायची जबाबदारी अजून चर्चचीच आहे.

माझं काम म्हणजे खड्डा खणणं, तो बुजवणं, वर गवत बसवणं, आणि वर्षभर त्या जागेची निगा राखणं. ऐकायला सोपं आहे. हिवाळ्यात जमीन हातभर खोल गोठते, कुदळ मारली तर ठिणगी उडते. मग आदल्या दिवशी त्या जागेवर तापवायचं यंत्र ठेवून जमीन सैल करावी लागते. खड्ड्याच्या कडा शाळेतल्या पट्टीसारख्या सरळ यायला हव्यात. नातेवाइकांना उघडी माती दिसू नये म्हणून आतून स्प्रूस नावाच्या सूचीपर्णी झाडाच्या हिरव्या डहाळ्या लावायच्या. ते मला फार छान जमायचं. शेजारच्या गावचे लोक बघायला यायचे, हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. आपल्याकडे उन्हं उतरायच्या आत उरकतात, तिथे माणूस गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी विधी होतो. पाद्रीबाई छोट्या फावड्याने पेटीवर तीनदा माती टाकते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला गावाकडचं बोलणं आठवलं. आम्ही अंत्यविधीला ‘माती’च म्हणतो. कुणाच्या मातीला जाऊन आलो, असं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते.

सप्टेंबरचे दिवस होते. मी जुन्या रांगांमध्ये लहान पाट्या लावत होते. कबरीचा हक्क ठरावीक वर्षांचा असतो. तो संपला आणि वारस सापडले नाहीत, तर दगडावर पाटी लावायची, की कुणी नातेवाईक असतील त्यांनी ऑफिसशी संपर्क करावा. वर्षभर वाट पाहायची. कुणीच आलं नाही तर यंत्र आणून दगड काढायचा, जागा सपाट करून गवत बसवायचं. पुढे कधीतरी तिथे दुसरं कुणी येतं. हे कामही माझंच होतं.

एक म्हातारी बाई चाकांच्या वॉकरच्या आधाराने हळूहळू माझ्याकडे आली. वय ऐंशीच्या आसपास. नाव माय-ब्रिट. स्वीडिश लोक सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, पाद्र्यालाही. पण माझ्या मराठी कानाला ते रुचत नाही, म्हणून इथे एकमेकांशी झालेली बोलणी ‘तुम्ही’नेच लिहिते. तिने विचारलं, इथे काम करता का. मग म्हणाली, काहीतरी विचारायचं आहे, पण ऑफिसात नको. आम्ही बाकावर बसलो. बराच वेळ ती हातमोजे काढत आणि घालत राहिली.

एकविसाव्या वर्षी तिला पहिलं मूल झालं होतं. दवाखान्यात, मेलेलं. परिचारिकेने कापडात झाकून ते लगेच बाहेर नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, घरी जा, दुसरं होऊ दे, हे विसरून जा. त्या काळी तसंच करत. आईने बघितलं तर तिला त्रास होईल, अशी समजूत होती. पुढे तिला दोन मुलगे झाले. नवरा त्या दिवसाबद्दल आयुष्यात एकदाही बोलला नाही आणि दोन वर्षांपूर्वी तोही गेला. आता कुणाकडून तरी तिच्या कानावर आलं होतं की तशी मुलं दफनभूमीतच कुठेतरी पुरली जायची.

“मला फक्त जागा हवी आहे,” ती म्हणाली. “आणि एक. मुलगा होता की मुलगी, तेही मला कुणी सांगितलेलं नाही.”

मी म्हटलं, मी शोधून देते.

संध्याकाळी हे करीनला सांगितलं तेव्हा ती नाराज झाली. तिचं म्हणणं, आधी दप्तर बघायचं आणि मग शब्द द्यायचा. ते बरोबरच होतं. पण शब्द देऊन झाला होता.

रविवारी आईला फोन केला. पीकपाणी, पाहुणे असं बोलणं झालं आणि मग मी तिला माय-ब्रिटची हकीकत सांगितली.   आई म्हणाली, “तुझ्या आधी एक लेकरू झालं हुतं मला. निपचित. तुझ्या चुलत्यानं फडक्यात गुंडाळून न्हेलं. कुठं ठिवलं ते मी इचारलं न्हाई. इचारायची रीत न्हवती. आता तुझा चुलता बी ऱ्हायला न्हाई.”

पन्नाशीला टेकलेली, मुलाबाळांची बाई मी, मला हे आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. आपल्याकडे माणसाला अग्नी देतात, पण तान्ही लेकरं पुरतात, हे मला माहीत होतं. आमच्या घरातलं एक पुरलेलं आहे, हे माहीत नव्हतं. आईच पुढे म्हणाली, “त्या बाईचं बघ तेवढं. लय दिस झालं तिला.”

दुसऱ्या दिवसापासून मी सुरुवात केली. कबरींच्या अधिकृत नोंदवहीत काही नव्हतं. करीन तोंडाने नाराज होती, पण तिनेच जुन्या दप्तरातून जन्माची नोंद काढली. माय-ब्रिटचं नाव, मार्च महिन्यातली तारीख, आणि पुढे एक ओळ: मृत जन्मलेली मुलगी. दफनाच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं. मुलगी होती एवढं तरी कळलं. करीन म्हणाली, हे लगेच सांगून टाकू. मी म्हटलं, चार दिवस थांबा, जागेसकट सांगू.

आमच्या अवजारांच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात गंजलेल्या कात्र्या, तुटकी कुलपं आणि खाली जुन्या वह्यांचा गठ्ठा. त्या होत्या होल्गरच्या. माझ्या आधीच्या आधी तीस-पस्तीस वर्षं इथे कबरी खणणारा माणूस. कोणत्या दिवशी कोणत्या रांगेत खड्डा खणला, जमीन कशी होती, पाणी लागलं का, असं त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं. मी जमिनीवर बसून वाचत गेले. काही नावांपुढे पेन्सिलने एक लहान वर्तुळ काढलेलं होतं. दहा-पंधरा नावांत एखादं. कुठेही खुलासा नाही. करीनलाही उलगडा होईना.

होल्गर अजून जिवंत होता. नव्वदी ओलांडलेला, वृद्धाश्रमात. मी वही घेऊन गेले. त्याने चष्मा लावला नाही. वही मांडीवर घेतली आणि अंगठ्याने पानाची कड चाचपत राहिला. मी वर्तुळाबद्दल विचारलं.

“दवाखान्याचा माणूस लहान खोकं आणून द्यायचा,” तो म्हणाला. “मी ते त्या आठवड्यात जी कबर उघडी असेल तिच्यात ठेवायचो. मोठ्या माणसाच्या पेटीशेजारी. तेव्हाचे पाद्री म्हणाले, नाव नाही, बाप्तिस्मा नाही, तर लिहिण्यासारखं काही नाही. मी लिहिलं नाही. वर्तुळ काढलं.”

कशासाठी काढलं, असं मी विचारलं.

“कुणीतरी विचारायला येईल म्हणून. तुम्हीच पहिल्या.”

मी मार्चचं पान उघडलं. त्या आठवड्यात एकच कबर होती, कारण जमीन गोठलेली आणि होल्गरने कोळशाचा जाळ करून ती सैल केली होती. तेही लिहिलेलं होतं. नाव कार्ल, लाकडाच्या गिरणीतला कामगार, अविवाहित. पुढे वर्तुळ. आणि रांगेचा नि कबरीचा क्रमांक.

तो क्रमांक माझ्या ओळखीचा होता. कार्लच्या दगडावर वर्षापूर्वी मीच पाटी लावली होती. त्याला कुणी वारस नव्हता. काढायच्या दगडांची यादीही मीच केली होती आणि पुढच्या मंगळवारी यंत्र यायचं होतं.

मी सायकल चर्चच्या फाटकाशी टाकून सरळ रांगेत गेले. दगड जागेवर होता. करड्या रंगाचा, गुडघ्याएवढा, एका बाजूला शेवाळ धरलेला. मी पाटी उपटली आणि खिशात घातली. तेवीस वर्षांत वरिष्ठांना न विचारता केलेली माझी तेवढी एकच गोष्ट. मग ऑफिसात जाऊन यादीतलं नाव खोडलं आणि करीनला सांगितलं. ती पाटीकडे बघत म्हणाली, “बरं केलंत.”

माय-ब्रिटला मी स्वतः जाऊन घेऊन आले. गाडीतच सांगितलं, मुलगी होती. तिने मान हलवली. म्हणाली की तिला तसं वाटलंच होतं, पण वाटणं वेगळं. दगडापाशी आल्यावर तिने कार्लचं नाव दोनदा वाचलं. मी सगळं सांगितलं, होल्गरचं वर्तुळ, कोळशाचा जाळ, पेटीशेजारचं खोकं. ती रागावेल, परक्या माणसाच्या कबरीत का ठेवलं म्हणेल, अशी मी मनाची तयारी केली होती. तिने वेगळंच विचारलं.

“माणूस चांगला होता का?”

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगते. आणि खरंच दुसऱ्या दिवशी पुन्हा होल्गरकडे गेले. तो म्हणाला, कार्ल फार बोलायचा नाही, पण गिरणीतले लाकडं ओढणारे घोडे त्याचं ऐकायचे. मी ते जसंच्या तसं माय-ब्रिटला सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली. “मग ठीक आहे,” म्हणाली.

कबर तिने आपल्या नावावर करून घेतली. कार्लचा दगड तसाच राहील, त्याचं नाव वर राहील, अशी तिचीच अट होती. खाली मुलीचं नाव घालायचं ठरलं. नाव ठरवायला तिने आठवडा घेतला आणि एल्सा ठेवलं. माझ्या आईने मध्ये दोनदा फोन करून चौकशी केली होती. सापडली म्हटल्यावर म्हणाली, “तिला सांग, वडूजकडच्या एका बाईनं इचारलं हुतं.” मी सांगितलं. माय-ब्रिटने वडूज कुठे आहे ते विचारून घेतलं आणि तिथे थंडी पडते का, तेही.

एल्साचा बाप्तिस्मा आता होऊ शकत नव्हता. मेलेल्याचा करत नाहीत. पण नाव घेऊन प्रार्थना करता येते, असं करीन म्हणाली, आणि दिवस ठरला. मग माय-ब्रिटने घंटेचं काढलं. तिकडे गावात कुणी गेल्याची सूचना चर्चला मिळाली की दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी घंटा वाजवतात. जुने लोक ती ऐकून हातातलं काम थांबवतात. एल्सासाठी ती कधी वाजली नव्हती. आता वाजवता येईल का? मी करीनकडे बघितलं. करीन नियमांची पक्की. तिने चष्मा पुसला.

“सूचना मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी, असा नियम आहे,” ती म्हणाली. “आपल्याला सूचना आत्ता मिळतेय.”

मोठी घंटा बटण दाबून वाजते. लहान घंटा अजून दोरीची होती, पूर्वी मुलांसाठी तीच वाजवत. मी ती वाजवली.  त्यानंतर कबरीवर प्रार्थना झाली. माय-ब्रिट होती, तिचे साठीला आलेले दोन मुलगे होते, ज्यांना आपल्याला बहीण होती हे पंधरा दिवसांपूर्वी कळलं होतं, आणि चाकाच्या खुर्चीत होल्गर. करीनने तीनदा माती टाकली. मग माय-ब्रिटने हात पुढे केला आणि चौथ्यांदा तिने टाकली. करीनने तिला अडवलं नाही.

खरी गंमत पुढे झाली. लहान घंटा ऐकून लोक ऑफिसात फोन करायला लागले, कुणाचं मूल गेलं म्हणून. करीनने प्रत्येकाला खरं ते सांगितलं. दोन दिवसांनी एक म्हातारी आली. बाहेरचा कोट न काढताच खुर्चीत बसली आणि म्हणाली, “माझंही एक होतं.” पुढच्या आठवड्यात आणखी एक. मग शेजारच्या गावातून दोघी बहिणी, गेलेल्या आईसाठी विचारायला. तो सगळा हिवाळा मी सकाळी बर्फ काढायचा आणि दुपारी होल्गरच्या वह्या घेऊन बसायचं, असं चाललं. जन्माची नोंद आणि वर्तुळ जुळवायचं. बहुतेक जुळत. होल्गरच्या आधीच्या काळातल्या बायकांना मात्र मी काही देऊ शकले नाही, त्याच्या आधीच्याने वर्तुळं काढली नव्हती. त्यांना तसं तोंडावर सांगणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. खड्डा खणणं त्यापुढे काहीच नाही. आईलाही तसंच सांगायची वेळ माझ्यावर आली. पुढच्या सुट्टीत गावी आले तेव्हा चुलतीला विचारलं, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तू इचारलंस, तेवढं झालं.”

काही वर्तुळं मोकळ्या गवतावर येऊन संपली. यादीतले दगड मी त्याच्या आधी कित्येक वर्षं काढत होते. वारस नाही, वर्ष उलटलं, काढा. त्या दगडांखाली एखादं खोकं असेल हे मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण कपाट माझ्याच खोलीत होतं, किल्ली माझ्याच खिशात होती, आणि मी त्या वह्या एकदाही उघडून बघितल्या नव्हत्या, हेही खरं आहे.

त्या हिवाळ्यानंतर वसंतात आलेल्या एका बाईचं नाव बिर्गिट. तिचा मुलगा एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या कबरीत होता आणि तो दगड सहा वर्षांपूर्वी मी काढला होता. मी तिला तिथे घेऊन गेले. हिरवंगार गवत, मध्ये काही नाही. कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं की इथे कधी काही होतं. मी तिला म्हटलं, इथला दगड मीच काढलाय, मला ठाऊक नव्हतं, पण वह्या बघायला हव्या होत्या. खालची माती मात्र कुणी हलवलेली नाही, ते मी खात्रीने सांगते.

तिने मला दोष दिला नाही, पण माफही केलं नाही. ती खाली वाकली आणि गवतावर तळहात टेकला.  मग विचारलं, “इथेच?”

मी गुडघे टेकून बसले, मापून बघितलं, आणि खिशातली सुरी काढून गवताचा हातभर चौकोन कापून मुळांसकट उचलून बाजूला ठेवला. खाली काळी, ओली माती होती. मी म्हटलं, “इथेच.” आणि तिचा हात मातीला लागावा म्हणून बाजूला सरकले.